कुवेतची झाडे आणि त्यांचे पाणी



कुवेतमध्ये अकरा वर्षे राहून आलो असे सांगितले की आपली माणसे तीन प्रश्न विचारतात. उन्हाळा किती असतो? सोने स्वस्त मिळते का? आणि मग आवाज जरा खाली करून, "तिथे आपलं कसं चालायचं हो?" पहिल्या दोघांची उत्तरे झटपट देता येतात. तिसऱ्याचे एवढेच की २००५ पासून २०१६ पर्यंत आम्ही दोघे भारतीय पासपोर्टवर नोकरीसाठी तिथे होतो, शब्बाथचा दिवा घरात लागत होता, आणि आमचे आडनाव 'कर'वर संपणारे असल्यामुळे सगळे आम्हाला कोकणातले म्हणून ओळखत. ते तर खरेच होते.

चौथा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही: तिथे झाडे आहेत का? तो आम्हीच विचारून घेतो. कारण कुवेतची आठवण निघाली की आमच्या डोळ्यांपुढे तेलाची विहीर येत नाही. येते ती साल्मियातल्या फुटपाथवरची झाडांची रांग, आणि तिच्या बाजूने रबरी नळी ओढत चाललेला माणूस.

आमचे मूळ गाव अलिबाग तालुक्यातले. तिथे झाड लावावे लागत नाही, उपटावे लागते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गडग्याच्या दगडांतूनसुद्धा हिरवे डोके वर येते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखातली माणसे आम्ही, आणि जाऊन पडलो कुठे, तर सालभरात शंभर-सव्वाशे मिलिमीटर पडला तरी खूप झाले म्हणणाऱ्या गावात. नदी नाही, ओढा नाही, तळे नाही. आम्ही निघालो त्याच वर्षी, २१ जुलै २०१६ ला, कुवेतमधल्या मित्रिबा या ठिकाणी ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. पुढे जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्यही केले.

मग इतकी झाडे येतात कुठून? तर पाण्याच्या गोष्टीपासून सुरुवात करावी लागते. जुन्या कुवेतमध्ये गोडे पाणी शत्त-अल-अरबमधून गलबतांतून आणत. तेच कुवेती खलाशी बसऱ्याचा खजूर भरून आपल्या मुंबईला येत, आणि परत जाताना मलबारचे सागवान नेत, कारण त्यांची गलबते त्याच लाकडाची. रुपया तर तिथे १९६१ पर्यंत चालत होता. त्यांच्या बोलीत पंख्याला 'बन्का' म्हणतात, बटाट्याला 'आलू', आणि टॅक्सीवाल्याला 'सीदा' म्हटले की तो सरळ जातो. पहिल्याच आठवड्यात हे कळले तेव्हा आमचा अर्धा परकेपणा गेला. असो. १९५३ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना सुरू झाला आणि गलबतांचे पाणी संपले. घराघरांत आता दोन नळ असतात, एक पिण्याच्या गोड्या पाण्याचा आणि दुसरा जमिनीतून काढलेल्या मचूळ पाण्याचा. दुसरा बागेसाठी आणि धुण्यासाठी. आणि रस्त्यांवरच्या, बागांतल्या झाडांना बहुतेक ठिकाणी मिळते ते गटाराचे शुद्ध केलेले पाणी. सुलैबिया इथला कारखाना २००४ मध्ये चालू झाला तेव्हा दिवसाला पावणेचार लाख घनमीटर सांडपाणी गाळून स्वच्छ करण्याची त्याची ताकद होती, जगातल्या मोठ्यांतल्या मोठ्यांपैकी एक. बागांतल्या नळांवर 'पिऊ नये' अशी पाटी असते ती त्यामुळे.

इस्राएलला आल्यावर आम्हाला हे सगळे ओळखीचे वाटले. इथेही वाळवंट आहे, इथेही सांडपाणी शेताला जाते, इथेही काळी ठिबक नळी प्रत्येक झाडाच्या बुंध्याला वेटोळे घालून असते. दोन्ही देश एकमेकांचे नाव घेत नाहीत, पण झाड जगवायची युक्ती एकच आहे.

कुवेत शहराला एक तट होता, त्याला 'सूर' म्हणत. १९२० मध्ये वाळवंटातून हल्ल्याची भीती होती म्हणून गावच्या पुरुषांनी पाळ्या लावून मातीचा हा तट काही महिन्यांत उभा केला. तेलाचा पैसा आला, १९५२ मध्ये इंग्रज नगररचनाकारांकडून आराखडा करून घेतला, आणि १९५७ मध्ये तट पाडून टाकला. वेशी तेवढ्या ठेवल्या. आज जाहरा वेस एका चौकात गाड्यांच्या गराड्यात एकटी उभी आहे. आमची मुंबई आठवा, कोटाच्या भिंती गेल्या आणि 'फोर्ट' नाव राहिले, तसेच. पण कुवेतवाल्यांनी एक गोष्ट चांगली केली. तटाच्या जागेवर इमारती न उठवता हिरवा पट्टा आखला. कमानीसारखा तो पट्टा जुन्या शहराला अजून वेढून आहे. त्याच पट्ट्यावर २०१५ मध्ये शहीद पार्कचा पहिला टप्पा उघडला आणि २०१७ मध्ये दुसरा. पहिला आम्ही पाहिला. काही भाग तर इमारतींच्या छपरावर माती टाकून केलेला आहे. खाली संग्रहालय आणि मोटारींचा तळ, वर गवत आणि झाडे. संध्याकाळी सगळ्या देशांची माणसे तिथे फेऱ्या मारत. फुकट, स्वच्छ, आणि कोणी इकामा बघायला मागत नाही. परदेशी माणसाला अशी जागा किती मोलाची असते ते ज्याने इकाम्यावर दिवस काढले त्यालाच कळेल.

तट गेला त्याबरोबर जुने मोहल्लेही गेले. मोहल्ल्याला त्यांचा शब्द 'फरीज', दोन-चार घरांमधल्या मोकळ्या जागेला 'बराहा', आणि घराच्या अंगणाला 'होश'. त्या होशात एखादे सिद्र असायचे. सिद्र म्हणजे आपले बोरच, जात जरा निराळी. फळाला तिथे 'कनार' म्हणतात. सरकारने जुन्या घरांना भरपूर पैसे दिले, लोक बाहेरच्या नव्या वस्त्यांत बंगले बांधून गेले, आणि बराहाच्या जागी मोटारी आल्या. सामायिक जागा ही जी चीज होती ती सरकारच्या ताब्यात गेली. बलदिया, म्हणजे नगरपालिका, तशी जुनी, १९३० सालची. झाडे-बागा आणि शेती-मासेमारीसाठी १९८३ मध्ये वेगळे प्राधिकरण झाले. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत रस्त्याकडेला झाडे लागली, वाळू थोपवायला अथलच्या रांगा लागल्या, आणि १९८८ मध्ये समुद्रात भराव घालून 'ग्रीन आयलंड' नावाचे बेट बागेसाठी तयार केले.

आणि मग २ ऑगस्ट १९९० उजाडला.

आम्ही तेव्हा मुंबईत होतो, पण साल्मियाच्या आमच्या इमारतीत त्या वेळचे दोन भारतीय शेजारी होते. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अम्मानवरून विमानाने परत आणले गेले, त्यांत ते होते. १९९१ च्या शेवटी परत आले. त्यांच्याकडून ऐकलेले सांगतो. तेलविहिरींच्या आगी सगळ्या जगाने पाहिल्या. सहाशेच्या वर विहिरी पेटल्या होत्या, शेवटची ६ नोव्हेंबर १९९१ ला बंद झाली. झाडांचे मात्र छायाचित्र कोणी छापले नाही. पंप चालवणारा पळाला, नळ्या उखडल्या, ऑगस्टचे ऊन, आणि कोणी पाणी सोडायला नाही. शेजारी म्हणायचे, "परत आलो तर घर होतं, फर्निचर नव्हतं. ते चालतं. पण रस्ता ओळखूच येईना. झाडं नव्हती ना." काळी वाळकी खोडे ओळीने उभी, वर तेलाच्या काजळीचा थर.

आपल्या तोरात, दवारिममध्ये, एक नियम आहे. शत्रूच्या शहराला वेढा घातला तरी फळझाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. लहानपणी सिनेगॉगमध्ये तो पाराशा वाचला जायचा तेव्हा वाटायचे, लढाईत झाडांचा विचार कोण करतो? कुवेतमध्ये तर कुऱ्हाडीचीही गरज पडली नाही. वाळवंटातल्या गावाचे झाड मारायला पाण्याची चावी बंद केली की पुरते.

लढाईनंतर घाई होती. शहर पुन्हा हिरवे दिसले पाहिजे, तेही लवकर. तेव्हा सगळ्या आखातात एका झाडाची चलती होती, कोनोकार्पस. सोमालिया-येमेनकडचे हे झाड. खारे पाणी पिते, ऊन सोसते, वर्षभर हिरवे राहते आणि भराभर वाढते. कात्री लावली की भिंतीसारखे चौकोनी होते. घराघरांच्या कुंपणाला, शाळांच्या भिंतीला, रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात, जिथे बघाल तिथे कोनोकार्पस. आम्ही गेलो तेव्हा त्याचे कौतुक ओसरू लागले होते, कारण मुळे पाण्याच्या शोधात गटाराच्या आणि नळांच्या पाइपांत शिरत होती, फरश्या उचलत होती. आमच्या मागच्या गल्लीत एका बंगल्याची मोरी दर दोन महिन्यांनी तुंबायची. प्लंबर आला की खालून केसांच्या गुंतवळासारखा मुळांचा पुंजका ओढून काढायचा. पुढे सरकारी लागवडीत हे झाड नको असे ठरले. गंमत म्हणजे तोच शहाणपणा आपल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने पुन्हा विकत घेतला. हैदराबादेत, गुजरातेत रस्त्यांच्या कडेला कोनोकार्पस लावले, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

आमचे मत असे की दोष झाडाचा नाही. ज्याला भिंत हवी होती त्याने झाड लावले, आणि मग ते झाडासारखे वागले.

आता आमच्या रस्त्याबद्दल. साल्मियातली चार मजल्यांची साधी इमारत, खाली एक बकाला, म्हणजे किराणा दुकान. समोरच्या फुटपाथवर तीन खजूर, दोन कोनोकार्पस आणि कोपऱ्यावर एक बोराचे झाड. बोर कोणी लावले ते कोणालाच ठाऊक नव्हते. बहुतेक बी पडून आपोआप उगवले असावे. खजुरांना सरकारी ठिबक नळी होती, बोराला नव्हती. म्हणजे ते सरकारच्या हिशेबात नव्हतेच. त्याचा सांभाळ करायचा आमचा हारिस. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. हा तेलंगणातला, करीमनगरकडचा. लिफ्ट, कचरा, पाण्याच्या टाक्या, गाड्या धुणे, सगळे त्याच्याकडे. आमच्याशी हिंदीत बोलायचा.

एके दिवशी ऑगस्टमध्ये तो वर आला. म्हणाला, "भाभी, आपका एसी का पानी नीचे गाड़ी पे गिरता है. मैं पाइप लगा दूँ?" आम्ही म्हटले लाव. त्याने पाच रुपयांचा असावा असा पारदर्शक पाइप आणला, चौथ्या मजल्यावरून भिंतीला चिकटवत खाली नेला आणि थेट बोराच्या आळ्यात सोडला. नंतर तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याचेही पाइप त्यात जोडले. एसीचे पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन पडलेले पाणी, त्यात मीठ नाही. खाऱ्या जमिनीतल्या झाडाला याहून चांगले काय? पण त्याचीही एक खोड आहे. जून-जुलैत उत्तरेचा कोरडा वारा वाहतो, धुळीचे वादळ येते ज्याला ते 'तोझ' म्हणतात, तेव्हा हवेत दमटपणा नसतो आणि एसी जेमतेम ठिबकतो. ऑगस्ट-सप्टेंबरात समुद्रावरून ओलसर हवा आली की एका रात्रीत बादली भरते. म्हणजे झाडाला जेव्हा सर्वांत जास्त तहान, तेव्हाच पाणी कमी. ते दोन महिने हारिस गाड्या धुतलेले शेवटचे पाणी आणि आम्ही तांदूळ धुतलेले पाणी घालायचो. साबणाचे नाही, हे त्याने सगळ्या मजल्यांवर जाऊन बजावले होते.

चार-पाच वर्षांत त्या बोराची सावली बसस्टॉपपर्यंत गेली. आणि तिथेच आम्हाला एक गोष्ट दिसली. कुवेतमध्ये सावलीची गरज कोणाला? कुवेती माणूस घरातून गाडीत आणि गाडीतून मॉलमध्ये. गाडीला सावली लागते म्हणून झाडाखालची जागा पहाटेच अडवली जाते. पण पायी चालतो आणि बसची वाट बघत उभा राहतो तो केरळचा, बांगलादेशचा, फिलिपाइन्सचा, श्रीलंकेचा माणूस. घरकामाच्या बायका गुरुवारी संध्याकाळी पिशव्या घेऊन त्या बोराखाली थांबायच्या. बोरे पिकली की वेचायच्या. एक श्रीलंकेची बाई मीठ-मिरची बांधून आणायची, आम्हालाही द्यायची. चव अगदी आपल्या गावठी बोराची नाही, पण तोंडाला पाणी सुटायला पुरेशी.

रस्ता झाडणारे आणि झाडांना पाणी घालणारे ते कंत्राटी कंपन्यांचे लोक, बहुतेक बांगलादेशी. कायद्याने जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला बंदी आहे, आणि हा कायदा चांगला आहे. पण मग काम पहाटे चारला सुरू होते. ज्याच्या हातात नळी असते त्याचा व्हिसा त्याच कंपनीशी बांधलेला असतो. कंत्राट संपले की माणूस जातो आणि झाड राहते. आमच्या रस्त्यावर अकरा वर्षांत आठ-नऊ जण बदलले असतील. प्रत्येकाला नव्याने सांगावे लागे की कोपऱ्यावरचे बोरही आपलेच समजा. एक म्हातारासा गृहस्थ होता, बारिसालकडचा. तो सांगायचा, "आपा, हमारे गाँव में पानी से डर लगता है, इधर पानी को ढूँढता हूँ."

कुवेती लोक झाडांबद्दल बेफिकीर आहेत असा आमचा सुरुवातीचा समज होता, तो बंगल्यांच्या वस्तीत फिरल्यावर बदलला. तिथे जवळजवळ प्रत्येक घरासमोर, कंपाउंडच्या बाहेर, सरकारी जमिनीच्या पट्टीवर घरमालकाने स्वतःची बाग केलेली असते. पाणी घरच्या मचूळ नळाचे, माळी पगारी. काही घरांबाहेर भिंतीला थंड पाण्याचा कूलर आणि साखळीला बांधलेला पेला. येणाऱ्या-जाणाऱ्याने प्यावे, बहुतेक वेळा घरातल्या कोणा मयताच्या पुण्यासाठी ठेवलेला. त्याला 'सबील' म्हणतात. आपली पाणपोई. सांडलेले पाणी झाडाला, आणि झाडावरच्या चिमण्या त्या पाण्यावर. आम्ही उन्हात कितीदा तिथे घोटभर प्यायलो असू. कोणी जात-धर्म विचारला नाही.

पण याच पट्टीचा दुसरा चेहराही आहे. बाग केली की तिला कुंपण येते, कुंपणाला दार, दाराला कुलूप. मग फुटपाथच नाहीसा होतो आणि पायी जाणारा रस्त्यावर उतरतो. काहींनी तर सरकारी जमिनीवर बैठकीच्या दिवाणियाच बांधल्या होत्या. २००८ मध्ये सरकारने बुलडोझर लावून त्या पाडल्या, तेव्हा गावभर एकच चर्चा. त्या मोहिमांत कुंपणाबरोबर झाडेही जात. आम्हाला दोन्ही बाजू पटायच्या. जागा सगळ्यांची हे खरे. आणि जिथे मालकाचे मन गुंतले तिथलीच झाडे सर्वांत निरोगी, हेही खरे. वस्तीवस्तीच्या सहकारी संस्था, म्हणजे 'जमइया', १९६२ पासून आहेत. दुकाने चालवून मिळालेल्या नफ्यातला काही वाटा त्या वस्तीच्या सोयींवर खर्च करतात. ज्या वस्तीची जमइया जागी, तिथली बाग हिरवी. पण जमइयाचे सभासद फक्त कुवेती. आमच्या साल्मियात भाड्याने राहणारे आम्ही हजारो, आमचा शब्द कुठे टाकायचा?

त्याचे एक उत्तर २०१४ मध्ये मिळाले. साल्मियातच बगदाद रस्त्याच्या बाजूला एक पडीक सरकारी बाग होती. गवत मेलेले, बाकडी तुटलेली. काही जणांनी तिथे स्वतःच भाजीपाला आणि रोपे लावायला सुरुवात केली, आणि बघता बघता कुवेती, भारतीय, लेबनानी, युरोपियन, सगळे शनिवारी माती उकरायला येऊ लागले. 'सीक्रेट गार्डन' असे नाव पडले. हिवाळ्यात तिथे छोटा बाजार भरायचा. आम्ही शनिवारी हातात फावडे घेणार नाही, म्हणून मधल्या वारी संध्याकाळी जायचो. आमच्या मंडळींनी तिथे मेथी आणि कोथिंबीर पेरली होती. एका इटालियन बाईने मेथी तोडून सॅलडमध्ये घातली आणि तोंड वाकडे केले, ते अजून आठवते. पण मुद्दा असा की आयुष्यात पहिल्यांदा कुवेतमध्ये सरकारी मातीला आम्ही हात लावला आणि कोणी 'हे तुमचे नाही' म्हटले नाही.

म्हटले तेही ऐकून झाले होते, त्याच सुमारास. आमच्या शेजारच्या प्लॉटवर नवीन इमारत उठली. कंत्राटदाराने फुटपाथवर नव्या फरश्या बसवायला घेतल्या आणि एका दुपारी पाहतो तर दोन्ही कोनोकार्पस बुंध्यापासून कापलेले, एक खजूर आडवा, आणि बोराच्या आळ्यात सिमेंटची गाडी उभी. हारिसने हटकले तर त्याला "तू कोण?" असे विचारले. आम्ही खाली गेलो तर आम्हालाही तेच. बरोबरच होते म्हणा, कागदावर आम्ही कोणीच नव्हतो. तेवढ्यात समोरच्या जुन्या घरातली कुवेती म्हातारी, जिला आम्ही फक्त 'खाला' म्हणायचो, काठी टेकत बाहेर आली. काळा अबाया, पायात घरातल्या सपाता. तिने त्या मुकादमाला अरबीत जे काही सुनावले त्यातले आम्हाला 'सिद्रा' आणि 'हराम' एवढेच कळले. सिद्र तोडणे त्यांच्याकडे पापाचे मानतात. मग तिने मुलाला फोन लावला, मुलाने बलदियाला. दोन दिवसांनी बोराभोवती चौकोनी जागा सोडून फरशी बसली. खजूर आणि कोनोकार्पस गेले ते गेले.

त्यानंतर तिने आम्हाला घरात बोलावले. होश तर नव्हता, पण गॅलरीत एका डब्यात अरफज लावलेले होते, कुवेतचे राष्ट्रीय फूल, वाळवंटातले पिवळे छोटेसे. ती म्हणाली (मुलीने भाषांतर केले) की तिच्या लहानपणी वसंतात सगळे वाळवंट याने पिवळे व्हायचे. आता हिवाळ्यातल्या तंबूंनी, गाड्यांनी आणि शेळ्या-मेंढ्यांनी ते राहिले नाही. कुवेतच्या रानात आपोआप उगवलेले 'तल्ह', म्हणजे आपल्या बाभळीच्या जातीचे, एकच झाड उरले आहे. सबाह अल-अहमद अभयारण्यात त्याला कुंपण घालून जपले आहे, आणि त्याच्या बियांपासून संशोधक रोपे करतात.

आणखी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते, विषय सोडून असली तरी. याच शहरात १९०८ आणि १९१० मध्ये सालेह आणि दाऊद अल-कुवेती हे यहुदी भाऊ जन्मले. पुढे इराकचे मोठे संगीतकार झाले आणि १९५१ मध्ये इस्राएलला आले. तेल अवीवच्या हातिक्वा भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. खालाच्या घरात रेडिओवर एक जुने गाणे लागले होते, तिच्या मुलीने सहज सांगितले की हे कुवेती बंधूंचे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि चहा प्यायलो.

तू बिश्वात आला की आम्ही घरात एलियाहू हन्नाबीचा उरूस करायचो. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टप्प्यावर आपली माणसे त्या दिवशी जमतात, तसे इथे जमणे शक्य नव्हते. पण पोहे बकाल्यात मिळायचे, नारळ केरळचा, गूळ कोल्हापूरचा, खजूर तिथलाच, आणि पाच फळांत एक फळ म्हणून खालच्या बोराची बोरे. मलिद्याचे ताट तयार झाले, बेराखा म्हटली की पहिला वाटा हारिसला. पहिल्या वर्षी त्याने विचारले, "कौन सा त्योहार है?" आम्ही म्हटले, "पेड़ों का नया साल." तो हसला, आणि त्याने मूठभर मलिदा कागदात बांधून बाकीचा खाल्ला. कागदातला कोणाला म्हणून विचारले तर म्हणाला, नळीवाल्या बारिसालच्या चाचांना.

२०१६ च्या शरद ऋतूत आम्ही कुवेत सोडले आणि पुढे इथे आलो. आता हातात जो पासपोर्ट आहे त्यावर तिथे जाता येत नाही. इकडे नेगेवमध्ये तेच बोराचे झाड जागोजागी दिसते, इथे त्याला 'शेझाफ' म्हणतात. अरावातल्या एन हात्झेवाजवळ तर एक फार जुने, प्रचंड शेझाफ आहे, लोक मुद्दाम पाहायला जातात. आम्हीही गेलो. बोरे वेचली, मीठ-मिरची घरून नेली होती.

हारिसचे व्हॉट्सअॅप बरीच वर्षे यायचे. मे २०२० मध्ये कुवेतमध्ये पूर्ण संचारबंदी होती. संध्याकाळी साडेचार ते साडेसहा एवढेच दोन तास लोकांना आपल्या वस्तीत पायी फिरायची मुभा. त्याने आवाजी निरोप पाठवला होता, की भाभी, आता गाडीवाले कुवेतीही पायी चालतात, सगळे आपल्या झाडाखाली थांबतात, आणि विचारतात हे कोणाचे. त्या दिवसांत पाण्याचा टँकर नियमित येईना, तेव्हा त्याने चारही मजल्यांचे पाणी त्या एका आळ्यात वळवले होते. २०२१ मध्ये त्याचा इकामा संपला आणि तो करीमनगरला परतला. जाताना नव्या हारिसला, ओडिशाच्या कोण्या मुलाला, झाड दाखवून गेला म्हणे.

खालाही आता नाही असे कळले. नव्या हारिसचा नंबर आमच्याकडे नाही. एसीचे पाइप कोणी काढले नसतील तर ऑगस्ट-सप्टेंबरात आळ्यात पाणी आपोआप पडत असेल. प्रश्न जून-जुलैचा आहे.